शिरस्तेदारांवर हुकूमनामा

बेलीफ आला तेव्हा मामंजी ओटीवर पानाचा डबा उघडून बसले होते. मी आतून पाण्याचा तांब्या आणि गूळ नेऊन ठेवला. त्याने गूळ खाल्ला, पाणी प्यायला, आमच्या फणसांची चौकशी केली, हातखंब्याच्या रस्त्याला पडलेल्या खड्ड्यांविषयी बोलला, पण पिशवीतला कागद काही बाहेर काढीना. त्याचेही बरोबरच होते. माझ्या सासऱ्यांचा जन्म रत्नागिरीच्या कोर्टात गेलेला. शिरस्तेदार, म्हणजे कोर्टाचे मुख्य कारकून, म्हणून ते निवृत्त झाले, आणि हा बेलीफ त्यांच्याच हाताखाली तयार झालेला.

“काम काय काढलंस ते सांग,” मामंजी म्हणाले.

“रावसाहेब, रागावू नका. आपल्यावर हुकूमनामा झालाय.”

“कुणावर?”

“आपल्यावर. गाडीतळाच्या फीचा. एकतर्फी.”

मामंजींच्या हातातला अडकित्ता सुपारीवर तसाच राहिला. रक्कम किरकोळ होती, चार आणे आणि वर दाव्याचा खर्च. त्यांना लागला तो ‘एकतर्फी’ हा शब्द. एकतर्फी म्हणजे कोर्टाने बोलावले आणि प्रतिवादी आलाच नाही.

“मला कोर्टानं बोलावलं नि मी गेलो नाही? मी?” ते इतक्या मोठ्याने म्हणाले की गोठ्यात बैल उठून उभा राहिला.

मी दाराआड उभी होते. हे सगळे माझ्यामुळे झाले होते, आणि ते फक्त मलाच ठाऊक होते.

झाले होते असे. लग्न होऊन मला दुसरे वर्ष. हे मुंबईला नोकरीत, घरात सासूसासरे आणि मी. चैत्रात सासूबाईंच्या डोळ्यांचे औषध आणायला मला बैलांच्या दमणीतून गावात पाठवले. औषध पटकन मिळाले. तेवढ्यात मला कासाराच्या दुकानात हिरव्या रेशमी बांगड्या दिसल्या. गड्याला गाडी गाडीतळावर सोडायला सांगून मी आत शिरले आणि बराच वेळ बाहेरच आले नाही. म्युनिसिपालिटीने गाडीतळाचा मक्ता एका व्यापाऱ्याला दिला होता. त्याच्या माणसाने येऊन आमच्या गड्याजवळ फी मागितली. गड्याजवळ पैसे नव्हते. त्याने मामंजींचे नाव सांगितले आणि एक चिठ्ठी घेतली.

“ह्यो कागद दिलान्, वैनी,” गडी म्हणाला.

मी तो चुरगाळून वाटेत टाकून दिला. घरी मात्र सांगितले की दवाखान्यात गर्दी फार होती.

पुढे वैशाखात, लोणची घालायच्या दिवसांत, भर दुपारी कोर्टाचा एक नवखा शिपाई आला. मामंजी माजघरात घोरत होते. “म्हाताऱ्यांना द्या,” म्हणून त्याने समन्स माझ्या हातात ठेवले आणि उन्हातून सुटला. मला चौथीपर्यंतचे वाचता येत होते. गाडीतळ हा शब्द वाचला आणि माझ्या डोळ्यांपुढे दवाखान्यातली ती गर्दी उभी राहिली. हातात लोणच्याची बरणी होती. मी कागद बरणीच्या तोंडावर घातला, त्यावर फडके बांधले आणि बरणी फळीवर मागे सारली. कोर्ट आपोआप विसरून जाईल असे मला वाटले होते.

बेलीफ गेला आणि मामंजींचे वय दहा वर्षांनी उतरले. त्यांनी पेटीतला काळा कोट उन्हात घातला. बोरू-टाक शोधले. संध्याकाळपर्यंत हुकूमनामा रद्द करून मिळण्याचा अर्ज तयार झाला, आणि रात्री जेवताना ते आम्हाला तो तोंडपाठ म्हणून दाखवू लागले.

“प्रतिवादीस समन्स मुळीच पोचलेले नाही. प्रतिवादी हे शपथेवर सांगण्यास तयार आहे.”

मी भात वाढत होते. हा माणूस उद्या देवाची शपथ घेणार, आणि कागद याच घरात, त्यांच्या पाठीमागच्या फळीवर. माझ्याने राहवेना.

“मामंजी, समन्स आलं होतं.”

दोघांचेही हात ताटात थांबले. मी रडत रडत सगळे सांगितले.

“कुठल्या बांगड्या?” सासूबाईंनी विचारले.

“समन्स कुणाच्या हातात दिलंन्?” मामंजींनी विचारले.

“माझ्या.”

“म्हणजे मी इथे डोळ्यांत औषध नाही म्हणून चाचपडत्येय, नि ही कासाराकडे!”

“तू गप्प गं! मी तेव्हा कुठे होतो?”

“माजघरात. निजला होतात.”

“मला हाक मारायला सांगितलंन्?”

“नाही.”

“आणि मी सांगितलं होतं की दवाखान्यात गर्दी असेल तर परत ये,” सासूबाई म्हणाल्या.

मामंजी भाताचा हात तसाच घेऊन उठले. मला वाटले, आता मला माहेरची वाट दाखवणार. पण त्यांचा चेहरा फुलला होता.

“अगो, समन्स प्रतिवादीच्या हातात द्यायचं! प्रतिवादी घरात नसेल तर घरातल्या जाणत्या पुरुषाला. सुनेच्या हातात दिलेलं समन्स म्हणजे न दिल्यासारखंच. मी घरात असताना तर नाहीच नाही! सूनबाई, तू मला जिंकून दिलंस!”

त्यांनी तिथल्या तिथे अर्ज बदलला. मीच साक्षीला यायचे असे ठरले. आमच्या वकिलांनी सांगितले की सुनेचे लेखी प्रतिज्ञापत्र पुरेल. मामंजी म्हणाले, कागदाची उलटतपासणी घेता येत नाही.

तारखेला आम्ही तिघे गेलो. सासूबाई म्हणाल्या की त्या केवळ सोबत म्हणून येत आहेत. पण बसल्या पहिल्या बाकावर. न्यायाधीश घाटावरचे तरुण गृहस्थ होते. मामंजी आत आले तेव्हा ते अर्धे उठले, मग आपण कोण आहोत ते आठवून पुन्हा बसले.

मी पिंजऱ्यात उभी राहून समन्स काढून दिले. त्याला तीन महिन्यांचे तेल आणि हळद लागली होती. कारकुनाने ते दोन बोटांत धरले. त्यावर पुराव्याच्या निशाणीचा आकडा घालायचा, तर शाई तेलावर ठरेना. आकडा लिहिला की ओघळून जाई. शेवटी कागद पाकिटात घालून पाकिटावर आकडा घातला. कोर्टभर मोहरीचा वास सुटला आणि मागे कुणीतरी शिंकले.

मक्तेदाराचे वकील उठले. “तुम्हाला वाचता येतं?”

“येतं.”

“मग वाचलंत?”

“वाचलं.”

“आणि सासऱ्यांना दिलं नाहीत. का?”

मी मामंजींकडे पाहिले. त्यांनी मान हलवली, खरे ते सांग अशी.

“बांगड्यांचं निघालं असतं.”

“या दाव्यात बांगड्या कुठे आल्या?”

“तेच तर!” पहिल्या बाकावरून सासूबाई म्हणाल्या. न्यायाधीशांनी मेजावर हात आपटला, पण हसू त्यांनाही आवरेना. पट्टेवाला तोंडावर पागोट्याचे टोक धरून बाहेर गेला. मी खाली मान घालून सगळे सांगितले. वकील खाली बसले.

हुकूमनामा रद्द झाला.

बाहेर वडाखाली मक्तेदार वाट पाहत उभे होते. बंदरावरचे वयस्कर मुसलमान व्यापारी, मामंजींचे जुने ओळखीचे. त्यांच्या गुमास्त्याने फी थकलेल्या सगळ्या गाडीमालकांवर एकदम दावे लावले होते आणि नावे त्यांनी पाहिलीच नव्हती.

“शिरस्तेदारसाहेब, मला शरम वाटते. मी दावा काढून घेतो.”

“अजिबात नाही,” मामंजी म्हणाले. “हुकूमनामा रद्द झालाय, दावा उभा आहे. गुणदोषांवर चालू द्या. घटकाभर थांबलेल्या गाडीला फी लागते का, हा प्रश्न आहे.”

मक्तेदारांनी माझ्याकडे, मग सासूबाईंकडे पाहिले आणि ते सलाम करून गेले.

त्यानंतर तीन आठवडे मामंजी पुस्तके उपसत होते. तारखेच्या सकाळी कोट चढवून निघाले, ते दुपारच्या आत परत आले. कोट खुंटीवर न लावता बाकावर टाकला.

“दावा निकाली. फी पोचली म्हणे. कुणी भरलीन्?”

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “मी. गड्याबरोबर पाठवली. गाडी उभी होती की नाही? होती. मग फी द्यायची.”

चार दिवस मामंजी सासूबाईंशी बोलले नाहीत. काही लागले तर मला सांगत, आणि मी तीन हातांवर बसलेल्या सासूबाईंना तेच पुन्हा सांगे.

पाचव्या दिवशी खालच्या वाडीतला एक कुणबी ओटीच्या पायरीशी येऊन बसला. शेजाऱ्याच्या म्हशीने त्याचे नाचणीचे उभे पीक खाल्ले होते. तुम्ही कोर्टाकडून कागद फिरवून घेता असे ऐकले, म्हणाला. मामंजींनी त्याला वर बोलावले, म्हैस कुणाची, कुंपण कुणाचे, सगळे विचारून घेतले. दिवस मावळतीला आला होता आणि त्यांना अक्षर दिसेना.

“सूनबाई, दौत घेऊन ये,” त्यांनी हाक मारली. “मी सांगतो तसं लिही. आणि काना-मात्रा नीट दे, न्यायाधीश घाटावरचे आहेत.”

मी पदर खोचून बसले. एक म्हैस आणि अर्धे कुंपण लिहून होईपर्यंत आतून मला सासूबाईंच्या तीन हाका आल्या. तिन्हींना मामंजींनी स्वतःच उत्तर दिले.