ताईची नवी पाटी

नाशिक रोडला ताईच्या घरी मी तिच्या समोर बसले होते आणि ती माझ्या कानाकडे बघून बोलत होती. मागे कोणी आलंय की काय, म्हणून मी वळून पाहिलं.

"तुझ्याकडेच बघतेय गं," ती म्हणाली. "सरळ बघितलं की तुझं तोंडच पुसल्यासारखं होतं. जरा बाजूला बघितलं की दिसतेस."

तिच्या डोळ्यांचा पडदा मधोमध खराब होत चालला होता. डॉक्टरांची इंजेक्शनं सुरू होती, पण आहे ती नजर टिकली तरी खूप, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

ताई माझी मोठी बहीण. सगळी नोकरी तिने शाळेत चित्रकला शिकवण्यात घालवली. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी चहा झाला की गॅलरीतल्या टेबलावर तिचे जलरंग मांडलेले असायचे. त्या दिवशी टेबलावर कांदे वाळत घातले होते.

"रंग कुठे गेले?"

"खालच्या मजल्यावरच्या मुलींना दिले. पेन्सिल कागदावर टेकवली की तिचं टोकच दिसत नाही. मग काय काढायचं?"

दूध नासलं हे सांगावं तशा आवाजात तिने ते सांगितलं आणि भाजी कोणती करू, असं विचारलं. मी रडले ती घरी परतताना, रिक्षात.

तिचा वाढदिवस जवळ आला होता. ऑफिसातल्या एका मैत्रिणीची मुलगी कॉम्प्युटरवर चित्रं काढते. तिच्याकडे असतो तसला ड्रॉइंग टॅब्लेट ताईला घ्यावा, असं माझ्या मनात आलं. रेघ हवी तेवढी जाड करता येते, चित्र हवं तेवढं मोठं करता येतं, एवढंच मला ठाऊक होतं.

कॉलेज रोडच्या दुकानात गेले तेव्हा स्क्रीनवाला टॅब्लेटच घ्यायचा, असं ठरवून गेले होते. कागदासारखं त्याच्यावरच काढायचं, त्याच्यावरच बघायचं. ताईला सोपं जाईल. दुकानदाराने तो दाखवला आणि शेजारी एक साधा ठेवला. साधा म्हणजे नुसती काळी पाटी. तिच्यावर पेन फिरवायचं आणि रेघ उमटणार समोरच्या मॉनिटरवर.

"नवीन शिकणारे बहुतेक हाच नेतात," तो म्हणाला. "काढून बघा."

मी फूल काढायला गेले. पाटीवर काहीच उमटेना, म्हणून मी पेनाच्या टोकाकडे बघत राहिले आणि तिकडे मॉनिटरवर रेघ भलतीकडेच गेली.

"मॅडम, हाताकडे बघू नका. समोर बघा."

मी पेन हातात धरून तशीच थांबले. हाताकडे बघायचंच नाही! ताईला नेमकं तेच तर दिसत नव्हतं. आणि समोर मॉनिटरच कशाला हवा? तिच्या हॉलमध्ये भलामोठा टीव्ही होता.

"हे टीव्हीला जोडता येईल?"

"घरी लॅपटॉप असेल तर येईल की. लॅपटॉपची केबल टीव्हीला लावायची."

लॅपटॉप दाजींकडे होता. मग प्रश्न आला आकाराचा. लहान पाटी पर्समध्ये मावेल अशी होती, पण ताईचा हात फळ्यावरचा. ती खांद्यापासून रेघ ओढायची. मी मोठी घेतली.

वाढदिवसाला दाजींनी केबल जोडली. ताईने पाटीवरून तळवा फिरवला. "हे काय आता? या वयात मला खेळणं?" पण पेन मात्र तिने लगेच उचललं. टीव्हीवर एक जाड काळी रेघ सरकली, वाकडी झाली, कडेला जाऊन अडकली. तिने गोल काढला, तो काही जुळेना. चार-पाच वेळा प्रयत्न करून तिने पेन खाली ठेवलं.

"जेवायला बसा. श्रीखंड गरम होतंय."

जेवताना कोणीच तो विषय काढला नाही. चप्पल घालताना मी दाजींना हळूच म्हटलं, "नको असेल तर दुकानात परत देता येईल."

"राहू दे काही दिवस," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. "एकदा येऊन जा. माझ्या बातम्या बंद झाल्यात."

मी गेले, तर टीव्हीभर दाजी! खुर्चीत बसलेले, पोट पुढे आलेलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. रेघा कुठे तुटलेल्या, कुठे एकावर एक गेलेल्या, पण माणूस अगदी तोच. ताई टीव्हीपासून हातभर अंतरावर मान तिरकी करून बसली होती.

"समोर बघून काढायची सवय व्हायला वेळ लागला," ती म्हणाली. "आता हात ऐकतो. बस इथे. हलू नकोस."

तिने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. तिरकं बघत कपाळावरून, गालांवरून बोटं फिरवली. लहानपणी ती माझी वेणी घालायची तेव्हाची तीच बोटं, आता जरा खरखरीत झालेली. मग ती टीव्हीकडे वळली. बराच वेळ पेनाचा घासल्यासारखा आवाज तेवढा येत होता. मधेच तिने चित्र मोठं केलं, डोळ्यांखाली दोन रेघा ओढल्या आणि थांबली.

"किती थकलीस गं तू," ती म्हणाली. "इतके दिवस मला दिसलंच नाही."

दाजी उठून चहा ठेवायला गेले.

परवा सकाळी तिचा फोन आला. पेनाची टोकं झिजली आहेत, सोबत आलेली जादाचीही संपली, येताना नवी घेऊन ये म्हणाली. आणि जरा जास्तच आण.