हवेतली ओल

टीव्हीवरचा माणूस घसा ताणून सांगत होता की अरबी समुद्रात वादळ उठलंय, मुंबईला चाटून जाणार आहे, कोणी घराबाहेर पडू नका. अख्खी बोरीवली धास्तावलेली. आणि आमचे हे सोफ्यावर मांडी घालून बसलेले, चेहऱ्यावर असा आनंद, की जणू लेक बाळंतपणाला माहेरी येतेय.

"येऊ दे," म्हणाले. "चांगलं दणकून येऊ दे."

"अहो, काय बोलताय! लोकांची घरं उडतात त्यात."

"आपलं उडत नाही, आपलं गळतं. एकदा सगळ्यांच्या देखत गळू दे म्हणजे झालं."

आता ह्यात वेडेपणा वाटेल, पण आमची गळती तुम्हाला माहीत नाही. आम्ही राहतो सगळ्यात वरच्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नॅशनल पार्कचं जंगल दिसतं, माकडं येऊन पोळ्यांचा डबा तपासून जातात, वारा झकास. डोक्यावर फक्त गच्ची. त्या गच्चीला एक भेग आहे आणि ती भेग महा नखरेल. साध्या पावसाला ती दाद देत नाही. गच्चीचा तेवढा भाग जरा उंच आहे, तिथे पाणी साचत नाही, वाहून जातं. पण वाऱ्याबरोबर वरून सपासप मारा बसला की पाणी आत शिरतं आणि बरोब्बर ह्यांच्या उशीवर पडतं. माझ्या उशीवर आजवर एक थेंब नाही. मी काय करू त्याला?

तर हे सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन करायचे, तो लिफ्टने वर येईपर्यंत पाऊस थांबायचा, थेंब गायब. सेक्रेटरी राहतो तळमजल्यावर. त्याच्या डोक्यावर अख्खी बिल्डिंग छत्रीसारखी उभी, त्याचं काय जातंय? कमरेवर हात ठेवून वर बघायचा आणि म्हणायचा, "काका, ही गळती नाही. ही हवेतली ओल असते."

एकदा हे वार्षिक सभेत मोबाइलवरचे फोटो घेऊन उभे राहिले. सेक्रेटरीने फोटो बघितले आणि हसत हसत विचारलं, "काका, पिचकारी कुठून आणलीत?" सगळी सभा हसली. अहो, हा माणूस वजनमापे खात्यात होता! आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासले, कधी कोणाचा चहा घेतला नाही. त्याला भर सभेत खोटारडा ठरवलं. त्या दिवशी मी कोलंबीचं कालवण केलं होतं. ह्यांनी त्याला हात लावला नाही. कोलंबीला नाही म्हणालेले हे मी लग्न झाल्यापासून पाहिलेले नव्हते. मला त्या सेक्रेटरीचा असा संताप आला की ते कालवण नेऊन त्याच्या डोक्यावर ओतावंसं वाटलं.

म्हणून हे वादळाची वाट बघत होते. वादळाच्या दिवशी सकाळीच ह्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर आपल्या आवाजात निरोप टाकला. राग आला की हे मालवणीत शिरतात. "मी खोटा बोलतंय काय? उद्या सकाळी कमिटी घेऊन वर येवा! गळला नाय तर ह्या जन्मात परत तक्रार करूचंय नाय!" सेक्रेटरीने खाली एक अंगठा टाकला आणि लिहिलं, "सर्व सभासदांनी नोंद घ्यावी."

"कशाला असं बोललात?" मी म्हटलं. "नाही गळलं तर?"

"एवढं वादळ येतंय आणि गळणार नाही?" हे म्हणाले. "अगं, चाळणी आहे ती."

मग तयारी सुरू झाली. पलंग भिंतीला सरकवला. थेंब पडतो तिथे आमची निळी बादली ठेवली. स्टुलावर लाडवाचा डबा, डब्याला टेकवून मोबाइल, चित्रीकरणासाठी. सत्यनारायणाची पूजा मांडतात इतक्या भक्तीने हे सगळं चाललेलं. मी हळदीकुंकू आणून देऊ का विचारलं, तर रागावले.

दुपारी वादळ आलं. काय विचारता! खिडक्या थडथडतायत, जंगलातली झाडं आडवी होतायत, लाइट गेलेली. आणि मध्येच आमच्या डोक्यावर असा धडाम् आवाज झाला की मी देवघरात जाऊन बसले. हे मात्र बादलीपाशी. "आता बघ," म्हणाले. "आता येईल."

काही आलं नाही. पाऊस असा कोसळत होता की समोरची बिल्डिंग दिसेना, आणि आमचं छत कोरडं ठणठणीत. "मुरायला वेळ लागतो," हे म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "स्लॅब जाड आहे ना." मग बादली बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवत बसले. संध्याकाळी वारा पडला तेव्हा बादलीत एक मेलेला डास होता, बस.

"वाट लागली," असं म्हणून हे आडवे झाले. त्या दिवशीही जेवले नाहीत.

सकाळी लख्ख ऊन. घंटा वाजली, दारात सेक्रेटरी आणि आमच्या चेअरमनबाई. बाई निवृत्त मुख्याध्यापिका, कमी बोलणार, पण कुठलीही गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मान हलवणार नाहीत. दोघं बेडरूममध्ये आली. सेक्रेटरीने छताकडे बघितलं, बादलीत डोकावला.

"डास आहे," म्हणाला. "झालं ना काका? आता शब्द दिलाय तुम्ही, सगळ्या ग्रुपने ऐकलाय."

ह्यांनी मान खाली घातली. बादली उचलली आणि मोरीत ठेवून आले. मग पलंग जागेवर सरकवला. मला ते बघवेना. माझं डोकंच फिरलं.

"तुम्ही वादळाचं नुकसान बघायला आलात ना?" मी सेक्रेटरीला म्हटलं. "मग इथे बेडरूममध्ये काय बघताय? गच्चीवर चला!"

"काकू, गच्ची मी नंतर..."

"बघू या की," चेअरमनबाई म्हणाल्या. त्यामुळे जावंच लागलं.

गच्चीचं काय झालं होतं म्हणून सांगू! फांद्या, प्लास्टिक, कोणाची तरी टीव्हीची डिश उलटी पडलेली, पाण्याच्या टाकीच्या नळाला एक पट्टेरी हाफ पँट लोंबत होती. ती कोणाची हे अजूनपर्यंत कोणी कबूल केलेलं नाही. मधोमध कार्यक्रमांसाठी बांधलेली पत्र्याची शेड होती, तिचा एक मोठा पत्रा गायब. तो कुठे गेला म्हणून आम्ही इकडेतिकडे बघतोय, तेवढ्यात हे मोठ्याने हसायला लागले. मला वाटलं, गेलं ह्यांचं डोकं.

ह्यांनी मागे कधीतरी त्या भेगेभोवती लाल रंगाने गोल काढून ठेवला होता. तो गोल दिसत नव्हता. कढईवर झाकण ठेवावं तसा तो पत्रा बरोब्बर त्याच्यावर येऊन पडला होता. म्हणजे कालचा धडाम् आवाज तो! ज्या सोसायटीने आजवर आमच्या भेगेवर चमचाभर सिमेंट घातलं नाही, तिच्या शेडने उडत येऊन नेमकं कालच्या दिवशी आमचं छप्पर झाकलं.

"उचला तो पत्रा!" हे ओरडले.

"हात लावू नका!" सेक्रेटरी आडवा झाला. "विम्याचा माणूस यायचाय. तो बघेपर्यंत गच्चीवरची एक काडीसुद्धा हलवायची नाही."

"कधी येणार तो?"

"येईल. दोन आठवडे, तीन आठवडे. आणि काका, पत्रा असो नसो, काल गळलं नाही म्हणजे नाही. शब्द म्हणजे शब्द."

आता ह्या दोघांची अशी जुंपली की माकडंसुद्धा कठड्यावर येऊन बसली. चेअरमनबाई पत्र्याभोवती फेरी मारत होत्या. मी मात्र पत्र्याकडे बघत होते. तो पन्हळी पत्रा. जमिनीवर सपाट पडला तरी प्रत्येक पन्हळीखाली एक बोगदा राहतो.

"पत्रा हलवायचा नाही ना?" मी विचारलं.

"अजिबात नाही."

"बरं. पाणी घालायला बंदी आहे का?"

सेक्रेटरी काही बोलायच्या आत चेअरमनबाई म्हणाल्या, "नाही."

टाकीच्या नळाला झाडांना पाणी घालायचा पाइप होता. मी आधी ती हाफ पँट बाजूला केली, मग पाइपचं तोंड पन्हळीत सारलं, लाल गोलाच्या अंदाजाने आत आत ढकललं आणि नळ सोडला. बाकीच्यांना म्हटलं, खाली जाऊन छताकडे बघत बसा.

पूर्वी टीव्हीचा अँटेना फिरवायला एक जण गच्चीवर चढायचा आणि घरातले खिडकीतून ओरडायचे, तसं आमचं सुरू झालं. मी कठड्यावरून वाकून, हे बेडरूमच्या खिडकीतून मान वर करून.

"आलं का?"

"नाही!"

मी पाइप जरा डावीकडे ढकलला. "आता?"

"नाही गं!"

समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत येऊन उभे. एकाने विचारलं, "काकू, काय शोधताय?" मी म्हटलं, "गळती!" तो बिचारा आत निघून गेला. पाणी दुसऱ्या बाजूने वाहून जात होतं, माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, खालून सेक्रेटरीचा आवाज, "काकू, पुरे आता, टाकी रिकामी कराल!"

मग ह्यांचं डोकं पुन्हा खिडकीतून बाहेर आलं. ह्या वेळी ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "राहू दे गं. ये खाली. असेल हवेतलीच ओल."

मला रडूच आलं, खरं सांगते. सभा हसली तेव्हा आलं नव्हतं, पण ह्यांच्या तोंडून ते शब्द ऐकले आणि आलं. हा माणूस स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवतोय? काटा चुकीचा निघाला तर कधी कोणाला सोडलं नाही ह्यांनी, आणि आता स्वतःलाच खोटं ठरवून मोकळे होतायत! मी गच्चीवर पालथी पडले, खांद्यापर्यंत हात पत्र्याखाली घातला आणि पाइप असा रेटला, की जणू सेक्रेटरीच्या नाकातच घालतेय.

खाली काय झालं ते मला चेअरमनबाईंनी नंतर सांगितलं. सेक्रेटरी ह्यांच्या उशीवर ओणवून, मान वर करून, बोट दाखवून म्हणत होता, "बघा मॅडम, नीट बघा, कोरडं आहे." तेवढ्यात टप्पकन एक थेंब त्याच्या चष्म्याच्या काचेवर. तो म्हणाला, "ही हवेतली..." आणि दुसरा थेंब दुसऱ्या काचेवर. मग धारच लागली. बाईंनी शांतपणे विचारलं, "ओल अशी पडते होय?"

वर मला फक्त ह्यांची बोंब ऐकू आली. "पडला गो! पडला! पडला!"

समोरच्या गॅलरीतले लोक टाळ्या वाजवायला लागले. कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी कपाळ टेकून तिथेच पडून राहिले. जिन्यावरून धाडधाड पावलं आली, मला वाटलं, आता हे येऊन दोन शब्द चांगले बोलतील.

"नळ बंद कर!" हे ओरडले. "गादी भिजली सगळी!"

मग नळ ह्यांनीच बंद केला. मला हाताला धरून उठवलं, माझ्या भिजलेल्या साडीकडे बघितलं. चष्मा काढून पुसत बसले. "जेवायला काय आहे?" एवढंच शेवटी म्हणाले.

गच्चीचं काम पावसाळ्याच्या आत झालं. चेअरमनबाई रोज वर जाऊन उभ्या राहायच्या, त्यामुळे नीट झालं. सेक्रेटरीला पद नकोसं झालं, त्याने पुढच्या सभेत राजीनामा दिला. आता पुढे कोण, म्हणून सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि आमच्या सोसायटीची पद्धत अशी की जो जास्त ओरडतो त्याच्याच गळ्यात माळ पडते. एकमताने हे सेक्रेटरी झाले.

तेव्हापासून दिवाणखान्यात फायलींचा ढीग आणि ह्यांचा भाव विचारू नका. परवा अशीच दुपारी मी अळू निवडत बसले होते. दुसऱ्या विंगमधली, वरच्याच मजल्यावरची एक मुलगी आली. नवीनच लग्न झालेली. संकोचत म्हणाली, "काका, आमच्या स्वयंपाकघरात छतातून पाणी पडतं. सारखं नाही, मधूनच. तुम्ही येऊन बघाल का?"

ह्यांनी फाइलमधून मानसुद्धा वर केली नाही.

"ती गळती नसते, बाळ," म्हणाले. "ती हवेतली ओल असते."

मी अळू खाली ठेवलं.  मोरीत गेले, निळी बादली आणली आणि ह्यांच्या त्या उघड्या फाइलवर ठेवली.

हे बादलीकडे बघत राहिले. मग कान लाल झाले. मग उठले आणि चपला शोधायला लागले.

"काकू, बादली कशाला?" त्या मुलीने मला हळूच विचारलं.

"काका सांगतील," मी म्हटलं. "तिकडे जाताना विचार त्यांना."