अण्णांचा होकार

देवाने प्रत्यक्ष प्रकट होऊन अमृताची कुपी पुढे केली, तरी ‘आतापर्यंत फ्रिजमध्येच होती ना?’ असं त्याला विचारणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. बेंगळुरूतल्या आमच्या घरमालकांचे थोरले बंधू, जयनगरचे डॉक्टर. सगळे त्यांना अण्णाच म्हणत. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी नागपूरहून तिथे एका औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून गेलो होतो. माझ्या बॅगेत होती ‘बी’ काविळीवरची लस, परदेशी लसीच्या धर्तीवर आपल्याकडे बनवलेली आणि तिच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. तोच तिचा दोष ठरला. “स्वस्त कशी रे?” अण्णांनी पहिल्याच भेटीत विचारलं, जणू मी ती चोरून आणली होती.

इतर डॉक्टरांना पटवायला एखादं पेन, कॅलेंडर, फार तर बड्या हॉस्पिटलातल्या कुणाचं तरी नाव पुरे. अण्णा पेन परत करत. कॅलेंडर ठेवून घेत, पण महिना संपला की त्या पानामागे शंका लिहून मलाच देत. कंपनीचे शोधनिबंध ते शाळामास्तरासारखे तांबड्या पेन्सिलीने तपासत आणि स्पेलिंगच्या चुकांचेही गुण कापत. एकदा खिशात थर्मामीटर घालून माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि थेट कोरमंगलातल्या औषधाच्या दुकानात आले. फ्रिज उघडला, तर लसीला खेटून डोशाच्या पिठाचं पातेलं!

“पीठ आजचंच आहे, अण्णा,” दुकानदार घाईघाईने म्हणाला.

“पिठाबद्दल माझी तक्रार नाही,” अण्णा म्हणाले.

असं वर्ष गेलं. मग एके दिवशी त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि नर्सपुढे दंड धरला. “मलाच टोचा. सहा महिन्यांत तीन डोस घेतो, रक्त तपासतो, मग बघू.”

त्यांचे दोन डोस झाले होते, तेव्हा शिवणकाम करणारी पद्मा दवाखान्यात आली. मीही तिथेच बसलो होतो. तिच्या नवऱ्याच्या रक्तात ही कावीळ होती, म्हणून घरातल्या सगळ्यांना लस घ्यायला अण्णांनी कधीच बजावलं होतं. दोन्ही मुलांची कार्डं भरलेली होती. तिचं कोरं.

“तुझं काय गं?”

“परदेशी लस दोघांपुरतीच झेपली, अण्णा. मी स्वल्प थांबते.”

अण्णा माझ्या बॅगेकडे बोट करून तिला या नव्या लसीबद्दल सांगू लागले. शोधनिबंध, राहिलेल्या शंका, सगळं. तिने मध्येच विचारलं, “तुम्ही कुठली घेतलीत?”

“…हीच.”

“सरी, ठीक. मग मलाही हीच द्या.”

माझे वर्षभराचे कागद एका प्रश्नात निकालात निघाले. अण्णांनी स्वतः टोचून घेतली, ही बातमी जयनगरभर झाली आणि ज्यांनी एकही कागद उघडला नव्हता ते डॉक्टरही लस लिहून देऊ लागले. अण्णा संतापले. “माझा एक दंड म्हणजे पुरावा झाला काय रे? हे शास्त्र नव्हे, मेंढरांचा कळप आहे!”

पद्माचे तीन डोस पुरे झाल्यावर तिच्या रक्ताचा रिपोर्ट आला. लस चांगली लागू पडली होती. स्वतःच्या रिपोर्टवर अण्णांनी नुसती नजर टाकली होती. हा मात्र तीनदा वाचला. मग चष्मा काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “किती महिने लसीविना काढले रे तिनं त्या घरात. तू आधी का नाही आलास?”

वर्षभर मी त्यांच्याच दारात उभा होतो.

“चुकलंच, अण्णा,” मी म्हणालो.