कॉस्मोकाकाची होडी आणि बावीस पाहुणे

…तर व्हर्लिनची मिनीबस विंडवर्ड गावाच्या वळणावर थांबली, इथवर आपण आलो होतो. आता पुढचं ऐका! आत बावीस पाहुणे, सकाळीच जहाजातून उतरलेले. कॅरियाकू बेट दाखवून बरोब्बर चारला त्यांना हिल्सबरोच्या धक्क्यावर पोचवायचं. उशीर झाला की जहाजवाले दुसरा गाइड धरणार, हे तिला पक्कं ठाऊक. नऊ वर्षांत तिचं एक मिनिट चुकलं नव्हतं.

आणि समोर वाळूत काय? तिच्या कॉस्मोकाकाची नवीकोरी होडी, कुशीवर आडवी!

होडी पाण्यात घालायची तर आधी सगळं गाव जमायला हवं. मग टेकू कुऱ्हाडीने तोडायचे, तिला अलगद आडवी करायची आणि ओंडक्यांवरून ओढत न्यायची. पण निम्मं गाव शर्यतीसाठी शेजारच्या बेटावर, उद्या परतणार. काकाला कुठला धीर! रमचा घोट घेतला आणि घातला पहिला घाव. आता ती अर्ध्या वाटेत रुतलेली. रात्रभर तशीच पडली तर स्वतःच्याच भाराने फळ्या उकलणार. तीन वर्षांची मेहनत हो!

“काका, किती माणसं कमी पडतायत?”

“वीस तरी. आणि तू आणलीस त्यांना माणसं म्हणू नकोस. त्यांना छत्री पेलवत नाही!”

“ते मी बघते. तुम्ही गाणं उचला.”

तिने घड्याळ पाहिलं. तीन वाजून पाच. धक्का वीस मिनिटांवर.

“मंडळी, पुढचा किनारा रद्द! बूट काढा!”

काय सांगू तुम्हाला! बावीसच्या बावीस दोराला लागले. काकाने सूर लावला, गावाने ओढ धरली, पाहुणे आपले मधेच ओढतायत. “अहो, गाण्याबरोबर! गाण्याबरोबर!” व्हर्लिन ओरडून ओरडून घोगरी झाली. हळूहळू लय सापडली. होडी वीतभर सरली. मग हातभर.

साडेतीन. पाणी अजून दहा पावलं लांब.

“चला, बसमध्ये बसा सगळे.”

हॅनेका नावाची सत्तरीची डच बाई दोर सोडेचना. “आता सोडू? तुला वेड लागलंय का, पोरी?”

व्हर्लिनने एकदा बसकडे पाहिलं, एकदा काकाच्या तोंडाकडे. मग घड्याळ काढून खिशात टाकलं आणि हॅनेकाच्या मागे स्वतः दोर धरला.

होडी पाण्यात शिरली ती डौलात! काका गुडघाभर पाण्यात रडतोय, पाहुणे एकमेकांच्या गळ्यात, कुणाच्या हातात गावाने रांधलेल्या मटणाची वाटी, कुणाच्या डोक्यावर होडीवर शिंपडताना उडालेली रम!

धक्क्यावर जहाजाचा अधिकारी वही उघडून उभाच होता. “चार वाजून अकरा मिनिटं, बाई. काय लिहू मी?”

घोगऱ्या आवाजात व्हर्लिन म्हणाली, “लिहा ना साहेब, व्हर्लिनने अकरा मिनिटं उशीर केला. आणि त्याच्याच खाली लिहा, तुमच्या बाविसांनी आमची होडी पाण्यात घातली. दोन्ही खरं आहे.”