येळवशीसाठी उचललेली जीप

आमच्या नवऱ्याची जीप माझ्याआधी या घरात आली, आणि थोरलेपणाचा मान तिला अजून मिळतो. मी किती वेळा म्हटलं, विका हे धूड. डिझेल पिते, धूर ओकते आणि उमरग्यात कुठंही उभी केली तरी खाली तेलाचा डाग सोडून येते. नवरा सगळं ऐकून घेतो आणि बाहेर जाऊन तिची काच पुसतो.

पण मागच्या येळवशीनंतर मीच त्याच्या पाठीमागे लागले, की हिचं काहीतरी करा.

आमच्या भागात मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभी करायची, तिच्यात पूजा मांडायची, आरोळी देत रानाला आंबील शिंपडायची आणि सगळ्या भाज्यांची मिळून केलेली भज्जी आणि भाकरी खाऊन तिथंच लवंडायचं. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी बोलावतंच. आमचं शेत माकणीजवळ, धरणाच्या अंगाला. तिथली पूजा आत्यांची. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. मामंजी गेल्यापासून शिंपडायचं कामही त्यांनी कुणाला दिलं नाही. "रान माजा आवाज वळकतंय," असं त्या सांगायच्या, आणि रान खरंच ओळखत असेल असा तो आवाज आहे.

शेताच्या अलीकडे एक ओढा लागतो. मागच्या वर्षी जीप पाव्हण्यांनी खच्चून भरलेली आणि तिचे मागचे पाटे दमून सपाट झालेले. पाटे म्हणजे चाकापाशी एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या; त्यांची कमान गेली की गाडीचं बूड खाली येतं. ओढा चढताना मागची पायरी आणि सायलेन्सर चिखलात रुतले आणि जीप तिथंच बसली. बाकीचे चालत गेले. आत्यांचे गुडघे कामातून गेलेले, त्या जीपमध्येच राहिल्या. कोप तिथून दिसत होती. आंबील नवऱ्यानं शिंपडली, कशीबशी. मी ताट घेऊन परत आले तेव्हा त्यांनी चार घास खाल्ले आणि म्हणाल्या, "मीठ बरूबर झालंय गं." त्यानंतर वर्षभर त्या विषयावर चकार शब्द नाही. मला भांडणारी माणसं चालतात. गप्प बसणाऱ्यांपुढं माझं काही चालत नाही.

म्हणून यंदा जीप हायवेवरच्या पाटेवाल्या चाचांकडे गेली. चाचांचा सगळा जन्म ट्रकांच्या पाट्यांना कमान देण्यात गेला. भला थोरला घण, भला थोरला आवाज. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "लोड किती?"

यंदा पाव्हणे नव्हते, आम्ही घरचीच पाच माणसं. नवऱ्यानं सावधगिरी म्हणून सांगितलं, "दहा-बारा माणसं तरी धरा."

आता चाचांची एक रीत आहे, ती अख्ख्या उमरग्याला ठाऊक आहे, फक्त माझ्या नवऱ्याला त्या वेळी आठवली नाही. ट्रकवाला खरा लोड कधीच सांगत नाही. म्हणून चाचा कुणीही कितीही सांगितलं तरी त्याच्या दुप्पट धरतात. त्यांनी जुन्या पाट्यांना ठोकून नवी कमान दिली, ट्रकचे दोन पाटे कापून वरून घातले आणि येळवशीच्या आदल्या संध्याकाळी जीप दारात आणून लावली. पुढून वाकलेली, मागून वर. बसायला गुडघे टेकलेल्या बैलासारखी.

"आता ओढाच काय, डोंगर चढंल," नवरा म्हणाला. त्याच्या तोंडावरचा आनंद पाहून मला राग धरवेना.

सकाळी आत्या नवं लुगडं नेसून जीपच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. पायरी त्यांच्या मांडीपर्यंत आलेली. पुढच्या सीटवर चढायला गुडघा आडवा वळवावा लागतो, तो त्यांचा वळत नाही. आम्ही स्टूल ठेवलं, ते डुगडुगलं. नवरा उचलून घ्यायला पुढं झाला तर त्यांनी हात झटकला.

"मला काय पोतं समजलास व्हय? जावा तुमी. म्या बसते घरी."

हे त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या. मी तणतणत चाचांना फोन लावला.

"बाई, पाट्याचा दोष न्हाय," चाचा शांतपणे म्हणाले. "लोड न्हाय म्हणून गाडी वर हाय. भरा तिला, बसंल खाली."

"मग तुम्हीच येऊन बसा की!" मी म्हणाले आणि फोन आपटला.

घटकाभरानं चाचा आले. धुतलेला सदरा, सोबत चाची, चाचीच्या हातात गोड भाताचा डबा. माझा राग त्यांनी आमंत्रण म्हणून स्वीकारला होता. मी ओशाळले, पण त्या दिवशी दारी आलेल्याला शेतात न नेणं आमच्यात बसत नाही. चाचांनी मग गल्लीतली बिनशेताची घरं हाका मारून गोळा केली आणि ट्रक भरावा तसं माणसं लावायला घेतली. "वजनदार माणूस आसावर," असं म्हणून त्यांनी मला नेमकं चाकाच्या वर बसवलं. मी आंबिलीचं मडकं मांडीवर घेतलं आणि बसले. एकेक माणूस चढत गेलं तसे पाटे करकरत बसत गेले. चाचा पायरीला हात लावून उंची बघत होते. शेवटी म्हणाले, "बस. आता माँजींना येऊ द्या."

आत्यांनी दांडा धरला, एक पाय ठेवला, दुसरा ठेवला आणि कुणाच्याही हाताविना आत आल्या. मडकं त्यांनी माझ्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतलं.

ओढा आला तेव्हा नवऱ्यानं गियर बदलला. पुढची चाकं चढली, मागची चढली, खाली कशालाच काही घासलं नाही. नवऱ्यानं मागं वळून आईकडं पाहिलं. त्या मडक्याकडंच बघत होत्या.

कोपीपाशी जीप थांबली आणि सगळे उठायला लागले, तोच चाचा ओरडले, "कुणी हलू नका! हलला तर गाडी वर जाईल. आधी माँजी."

सगळे होते तिथं खाली बसले. आत्या शांतपणे उतरल्या. मडकं कडेवर घेतलं आणि हरभऱ्याच्या कडेनं कोपीकडे चालू लागल्या, डुलत, थांबत. त्या उतरल्या होत्या, आता आमच्या वजनाचं काही काम नव्हतं. तरी एकजणही जागचा उठला नाही.

कोपीपाशी पोचून त्यांनी आंबिलीत कडुलिंबाची डहाळी बुडवली आणि रानाला आरोळी दिली. मग वळून पाहिलं.

"बसून काय बगलालाव? उतरा की!"