पांढऱ्या कापडावरचा सातवा ढीग

अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं म्हणणार नाही. मी धुळ्यात देवपूरला गणिताच्या शिकवण्या घेतो. वय चौपन्न. जे मोजता येतं ते मी मोजतो आणि वहीत लिहून ठेवतो. खाली दिलेले आकडे त्या वहीतलेच आहेत.

माझा मोठा भाऊ नाना जळगावला पिंप्राळ्यात राहतो. गेल्या वर्षाआधीच्या डिसेंबरात तो स्कूटरवरून पडला. हेल्मेट नव्हतं. डोक्याला उजव्या बाजूला मार लागला. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, पण नानाची डावी बाजू गेली. म्हणजे आंधळेपणा नव्हे... डोळे ठणठणीत होते. ताटातली उजवीकडची भाजी तो खायचा आणि डावीकडचा भात तसाच ठेवून म्हणायचा, "भात संपला का वं?" वहिनी ताट अर्धं फिरवायची, की लगेच भात दिसायचा.

माझी मुलगी मनाली मानसशास्त्र शिकते. तिने मला कागदावर मेंदू काढून दाखवला. "पप्पा, नानांचे डोळे डावीकडचं बघतात, पण त्याची दखल घेणारा भाग उजव्या बाजूला असतो. तोच दुखावलाय. त्यांच्या लेखी डावी बाजू नाहीच." डावा हातही तसाच. जोर थोडाफार होता, पण मूठ कायम आवळलेली. तो हात आपला आहे हेच नाना विसरायचा. एकदा मला म्हणाला, "हा हात कोणाचा ठेवलाय इथे?"

मेंदू नवीन वाटा काढतो, सराव हवा, असं मनाली सांगायची. म्हणून दर शनिवारी मी जळगावला जायचो. नानासमोर वीस शेंगा एका रांगेत मांडायचो. पहिल्या शनिवारी त्याने उजवीकडच्या अकरा उचलल्या. जुलैपर्यंत चौदा. डाव्या टोकाच्या सहा शेंगांना त्याने एकदाही हात लावला नाही. एकदाही नाही — हे लक्षात ठेवा.

आता बापूबद्दल. बापू आमचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी सुरतला कामाला जातो म्हणून भुसावळ स्टेशनवर गाडीत बसला. त्यानंतर फोन बंद. तक्रार दिली, दोनदा सुरतला जाऊन आलो. काही नाही.

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसवतात. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. सगळी भावकी नानाकडे जमते. वहिनी मुठी मोजते, मी नावं वाचतो. नाना, मी, बापू, नानाची दोन मुलं, माझा मुलगा, नानाचा नातू — असे सात ढीग. बापू गेला तेव्हा नानाने ठरवलं, की त्याचा ढीग शेवटी, डाव्या टोकाला मांडायचा. "येईल तेव्हा पुन्हा माझ्या शेजारी," असं म्हणायचा. दर वर्षी मी तो वगळण्याचा विषय काढायचो, दर वर्षी नाना एकच वाक्य बोलायचा: "मी आहे तोवर मोजायचा."

अपघातानंतरच्या श्रावणात मी वहिनीला म्हणालो, "वहिनी, यंदा सहाच धरू. किती वर्षं फसवायचं स्वतःला? नानाला तसंही डाव्या टोकाचं दिसत नाही."

वहिनी गहू पाखडता पाखडता म्हणाली, "तुम्ही हिशेबी माणूस, भाऊ. तुम्हीच वाचा नावं."

मी सहा नावं वाचली. वहीत सहा लिहिलं.

कानबाई बसायला दोन दिवस होते. घरात आम्ही चौघंच... नाना, वहिनी, मनाली आणि मी. नाना जमिनीवर भिंतीला टेकून बसलेला, समोर पांढऱ्या कापडावर सहा ढीग. गव्हाचा डबा त्याच्या डाव्या हाताला. अपघातापासून पुढच्या दाराला आतून कडी असायची, त्या दिवशीही होती. मी सवयीने मोबाइलवर फोटो काढला. वेळ अकरा वाजून बारा मिनिटं. मग आम्ही तिघं चहाला स्वयंपाकघरात गेलो. मनाली बापूचा विषय काढून माझ्याशी वाद घालत होती. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं का सहा करायला?" वगैरे.

बाहेर आलो तर ढीग सात.

डाव्या टोकाला, इतरांपासून बरोबर तेवढंच अंतर सोडून. दुसऱ्या फोटोची वेळ अकरा वाजून एकोणीस मिनिटं. कडी लागलेली. डब्याचं झाकण उघडं.

"नाना, हा ढीग कोणी ठेवला?"

"कोणता?"

"हा, शेवटचा."

नानाने कापडाकडे पाहिलं. उजवीकडून बोट फिरवत मोजलं आणि चौथ्या ढिगावर थांबला. "चार शेतस," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून आमच्या अहिराणीत विचारलं, "बठ्ठा शेतस ना रे?" म्हणजे सगळे आहेत ना?

माझ्याऐवजी वहिनीने उत्तर दिलं, "हो, सगळे आहेत."

मी नानाच्या डाव्या मुठीची बोटं एकेक करून उघडली. तळवा कोरडा, एक दाणा नाही. पण गहू पाखडून स्वच्छ केलेला होता, हाताला काही चिकटलंच नसतं, त्यामुळे हा पुरावा मी धरत नाही. मनाली म्हणाली, मेंदूच्या एका भागाला जे कळत नाही ते दुसरा भाग करून जातो, असं होऊ शकतं. होत असेल. पण त्या मुठीने डब्यात जाऊन, सव्वा मूठ मोजून, ज्या बाजूला त्याच्या लेखी जागाच नाही त्या बाजूला नीट ढीग घालायचा?

मी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. वहिनी म्हणाली, "देवाचं मोजू नका." तरी मोजलं. तिच्या मुठीचे सहा ढीग अठ्ठावन्न ते त्रेसष्ट ग्रॅम. सातवा एक्याऐंशी. नानाच्या उजव्या हाताची सव्वा मूठ तीनदा घेतली, तिन्ही वेळा नव्वदच्या वर. माझी चौऱ्याहत्तर. डाव्या हाताने घे म्हटलं तर नाना हसला. "कोणत्या हाताने?"

शेंगांचा आकडा आता सतरावर आलाय. डावा हात अजून सांगितलं तरी उघडत नाही. बापूचा पत्ता नाही. यंदाच्या कानबाईला कोणी न सांगता मी सात नावं वाचली. मागच्या वर्षीच्या पानावरचा सहा मी तो ढीग दिसला त्याच दिवशी खोडला होता.

स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही. आणखी एक आकडा हाताशी असता तर निदान पडताळून पाहता आलं असतं. पण इतकी वर्षं एका ताटात जेवलो, तरी बापूची सव्वा मूठ किती भरते ते आमच्यापैकी कोणी कधी पाहिलं नव्हतं.