मी झाडायला आले नव्हते

"अगं, बरं झालं आलीस. आज कुणी झाडलंच नाही. झाडू त्या कपाटामागं आहे."

शेठ असं म्हणाला आणि मी झाडू घेतला.

डहाणूतल्या शाळेचा वर्ग. रविवारची दुपार. दारू सोडू बघणाऱ्यांची मिटिंग तिथं भरायची. नोटबंदीच्या पुढल्या वर्षीची गोष्ट. मीही दारू सोडायलाच आले होते. आशागडहून रिक्षात कोंबून घेऊन, धुतलेली साडी नेसून. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलेलं, "जा तिथं. तिथं सगळे सारखेच." वाटभर मी एकच वाक्य घोकत होते. मी पिते, मला सोडायचीय.

ते तोंडातच राहिलं. मी वर्ग झाडला. बाकांखालून, वाकून. पुरुष पाय वर घेत होते, बोलणं न थांबवता.

शेठ म्हणजे माझाच शेठ. लग्न होऊन आले तेव्हापासून त्याच्या चिकूच्या वाडीत कामाला. त्याला तिथं बघून आधी मला धीर आला होता. म्हटलं, ओळखीचं माणूस आहे.

झाडून झाल्यावर दाराशी खाली बसले. मिटिंग चालवणारे एक रिटायर गुरुजी होते. त्यांनी आधी नियम सांगितला, इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. मग एकेक जण बोलला. शेठही बोलला. दारूपायी बायको माहेरी गेली. आईच्या मयताला धड चालता आलं नाही. बोलता बोलता रडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

मग मी उठले. "मला पण बोलायचंय. मी पण पिते."

गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "बाई, तुमच्या पाड्यांवर ते चालतंच. सणाला, लग्नाला. त्याला व्यसन म्हणत नाहीत."

मागनं कुणीतरी बोललं, "ताडी उतरली की येईल ताळ्यावर."

हसले सगळे. शेठपण हसला. आत्ता रडत होता तो.

घरी गेले आणि प्याले. दुसरं काय करणार होते?

सकाळी वाडीत मुकादम सगळ्या बायांसमोर म्हणाला, "काय गो, दारूवर भाषण करतेस म्हणे?"

म्हणजे शेठनं सांगितलं. त्याचं रडणं वर्गात राहिलं, माझं एक वाक्य मात्र वाडीभर फिरलं. नियम त्यांच्यासाठी होता. मी त्यांच्यात धरलेलीच नव्हते.

दिवसभर चिकू निवडत होते आणि डोकं तडतडत होतं. पाड्यावर चालतंच? आमच्याकडं सणाला म्हातारी माणसं देवाला दाखवून घोट घोट देतात. रोजची दारू मला पाड्यानं नाही लावली. ती लागली वाडीतल्या या चिकू भरायच्या शेडमध्ये. हंगामात ट्रक भरायचा राहिला की अंधार पडला तरी आम्हाला सोडायचे नाहीत. बाया कुरकुरल्या की शेठ दमणची बाटली काढायचा. "घ्या गो थोडी. अंग दुखायचं थांबेल." थांबायचं. आम्ही खोकी भरत राहायचो. मग हंगाम संपायचा आणि माझे हात थरथरायचे.

हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढच्या रविवारी परत गेले. शेठनं मला बघितलं आणि मान कपाटाकडं वळवली.

"मी झाडायला आले नाही," मी म्हटलं. रिकाम्या बाकावर जाऊन सगळ्यांच्या मध्ये बसले. माझी पाळी आली तेव्हा शेडपासून सुरुवात केली.

शेठ उठला. "वाडीतली भांडणं इथं नकोत."

गुरुजी म्हणाले, "बाई, वैयक्तिक नको."

"त्यांच्या आईच्या मयताचं चाललं. ते वैयक्तिक नव्हतं?"

वाढवणचा एक मच्छीमार होता, तो तेवढा म्हणाला, "बोल बाय. बोल तू." मी बोलले. सगळं. बाटली कोण काढायचं तेही. शेठ मध्येच निघून गेला. टाळ्या वाजल्या नाहीत.

सोमवारी मुकादमानं वाडीच्या फाटकातच अडवलं. "तुला काम नाही."

आता तलासरीकडं जाते, जीपनं, मिळेल त्या कामाला. रविवारी परत उलटं डहाणूला. मध्ये दोनदा घसरले, परत प्याले. तेही तिथं उभं राहून सांगितलं. शेठ काही दिवसांनी परत यायला लागला. माझ्याकडं बघत नाही. गुरुजी म्हणाले होते, बायकांची वेगळी मिटिंग सुरू करू, कळवू. दोन पावसाळे गेले. कधी विचारलं तर म्हणतात, "जागेचं बघतोय." तोच वर्ग रोज शाळा सुटल्यावर कुलपात असतो. वाट बघत घरी बसले असते तर आतापर्यंत मेले असते.

माझ्या पाड्यावर आणखी दोघी पितात. एक त्याच वाडीत जाते अजून. दोघींशी बोलले आहे. येत्या रविवारी आम्ही तिघी जाणार. वेगळी मिटिंग नकोय आता आम्हाला. त्यांच्याच मिटिंगमध्ये बोलणार, शेठ समोर असताना बोलणार, आणि तिघींचं ऐकून झाल्याशिवाय कुणाला उठू देणार नाही.